विद्वान लोहार : एलिहू बरिट

स्मरणिकेत थोर पुरुषांचे चरित्र देण्याचा जो प्रघात आहे, त्यास अनुसरून यंदा आम्ही एका परदेशस्थ लोहाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. एलिहू बरिट हे त्यांचे नाव. ते अमेरिकेत जन्मले आणि अमेरिकेतच वारले. त्यांचा धर्म निराळा, भाषा निराळी, आणि ज्ञाती म्हणून आपण ज्यास समजतो तसे काही त्यांच्या समाजात नसल्याने त्यांस ज्ञातिबांधव म्हणणेही शोभणार नाही. तथापि भाता, ऐरण, सांडशी आणि घण ही साधने ज्या घरात पिढ्यान् पिढ्या नांदली, त्या घरातील कोणाही माणसास बरिट यांच्या आयुष्यातील पुष्कळ गोष्टी न सांगताच समजतील, अशी आमची खात्री आहे.

हे चरित्र निवडण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या घरांतून गेली कित्येक वर्षे एक प्रश्न बोलला जातो, आणि बोलला गेला नाही तरी तो घरात वावरत असतो. मुलगा शिकला म्हणजे ऐरणीकडे पाठ फिरवितो. न शिकला तर नुसती ऐरण त्याचे पोट भरीत नाही. फाळ पाजविण्यास येणारी कुळे ट्रॅक्टरमुळे कमी झाली, लाकडी चाकास धाव चढविण्याचे काम रबरी टायरने नेले, विळे-कोयते बाजारात तयार मिळू लागले. अशा स्थितीत विद्या आणि ऐरण या जणू एकमेकींच्या सवती आहेत असे मानून आपण मुलांस एकीच्या स्वाधीन करतो आणि दुसरीचे नाव टाकतो. शाळेच्या अर्जात वडिलांचा धंदा लिहिताना अडखळणारी मुले आम्ही पाहिली आहेत. बरिट यांनी या दोन्ही सवतींस एका घरात नांदविण्याचा प्रयत्न केला. तो कितपत साधला आणि कोठे तुटला, हे पाहणे बोधप्रद होईल.

अमेरिकेच्या ईशान्य भागातील कनेटिकट राज्यात न्यू ब्रिटन नावाचे गाव आहे. हे गाव पुढे लोखंडी अवजारांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. आपल्याकडील जुन्या सुतारांच्या हत्यारपेटीत स्टॅन्ले या नावाचा रंधा पुष्कळांनी पाहिला असेल, त्या स्टॅन्ले कारखान्यांचे मूळ गाव हेच. परंतु ८ डिसेंबर १८१० रोजी बरिट यांचा जन्म झाला तेव्हा तेथे शेती आणि किरकोळ कारागिरी यांवाचून फारसे काही नव्हते. वडील जोडे शिवीत आणि थोडी शेती करीत. घरात दहा मुले. त्यांतील मुलग्यांत एलिहू सर्वांत धाकटे. अन्नवस्त्राची ओढाताण होती, तरी वाचनाची गोडी घरात होती. गावच्या लहानशा ग्रंथसंग्रहातील पुस्तके या मुलाने बालवयातच वाचून संपविली.

ते सोळा-सतरा वर्षांचे असताना वडील वारले, आणि पोटासाठी त्यांस गावातील एका लोहाराकडे उमेदवारीस राहावे लागले. त्या देशातील तेव्हाची रीत अशी की, उमेदवाराने एकविसावे वर्ष संपेपर्यंत उस्तादाच्या शाळेत राबावे, त्याच्याच घरी जेवावे आणि त्याच्या मोबदल्यात धंदा शिकून घ्यावा. आपल्याकडे हीच विद्या बापाकडून मुलास, मामाकडून भाच्यास मिळत आली. फरक एवढाच की, आपला मुलगा भात्याची दोरी धरावयास लागतो तेव्हा त्यास आपण काही शिकत आहो याची जाणीवही नसते.

त्या काळच्या अमेरिकन लोहारशाळेत कोणती कामे होत हे सांगितले म्हणजे आपल्या वृद्ध मंडळींस ती ओळखीची वाटतील. कुदळी, फावडी, कुऱ्हाडी, दाराच्या बिजागऱ्या, साखळ्या, गाडीच्या चाकांच्या धावा ही कामे होतीच. शिवाय घोड्यांस नाल ठोकणे आणि बैलांस पत्र्या मारणे ही नित्याची कामे होती. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्यास एका पायाला दोन या हिशेबाने आठ पत्र्या लागतात, हे तेथेही तसेच. मात्र बैल घोड्याप्रमाणे तीन पायांवर शांत उभा राहत नाही. आपल्याकडे त्यास दोरांनी बांधून आडवा पाडतात; न्यू इंग्लंड प्रांतातील लोहार लाकडाचा मजबूत चौकटा करून त्यात चामड्याच्या पट्ट्यांवर बैलास उचलून धरीत. एकाच अडचणीतून दोन देशांच्या लोहारांनी काढलेल्या या दोन वाटा आहेत. आमच्या मते दोन्ही शहाणपणाच्या आहेत. ज्यास लाकूड सुलभ त्याने चौकटा केला, ज्यास दोर आणि चार माणसे सुलभ त्याने बैल पाडला.

या शाळेत काम करीत असतानाच तरुण बरिट यांच्या विद्याव्यासंगास आरंभ झाला. प्रथम त्यांनी गणित घेतले, कारण गणितास हातात पुस्तक लागत नाही. भाता ओढताना ते मनातल्या मनात उदाहरणे रचून सोडवीत. त्यांतील एक उदाहरण त्यांनी पुढे स्वतः नमूद करून ठेविले आहे. तीन फूट पन्ह्याच्या कापडाच्या एकेक इंच रुंदीच्या पट्ट्या फाडल्या, आणि दर जोडास दोन्ही टोकांकडील अर्धा-अर्धा इंच धरून त्या एकमेकींस जोडल्या, तर सूर्याच्या मध्यापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंत पोहोचण्यास किती वार कापड लागेल, आणि वारास एक शिलिंग या दराने त्याची किंमत किती होईल. कागदास किंवा पाटीस स्पर्श न करता दिवसभरात हा हिशेब करावा, उत्तर ध्यानात ठेवून रात्री घरी जावे, आणि वडील बंधूंनी ते पाटीवर ताडून पाहावे, असा क्रम होता. हे बंधू, एलायजा बरिट, स्वतः काही काळ लोहारकाम करून नंतर शिक्षक झाले होते, आणि १८३३ मध्ये त्यांनी लिहिलेले खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक अमेरिकेतील शाळांतून फार चालले. तात्पर्य, थोरल्या भावाने ऐरणीपासून आकाशापर्यंतची वाट आधी तुडविली होती, आणि धाकट्याने ती धरली.

पुढे लॅटिन आणि ग्रीक भाषांचा अभ्यास सुरू झाला. येथे जो प्रसंग घडे तो आपल्या धंद्यातील माणसांनी लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. ग्रीक व्याकरणाचे लहानसे पुस्तक ते डोक्यावरील टोपीत ठेवीत. मोठे लोखंड भट्टीत तापण्यास वेळ लागतो. तेवढ्या अवकाशात ते पुस्तक काढून धुराड्याच्या भिंतीस उघडे टेकवावयाचे आणि धातूची रूपे पाठ करावयाची, इतर उमेदवारांस न कळेल अशा बेताने. ग्रीक व्याकरणात नमुन्यादाखल जो धातू चालविला जात असे त्याचा अर्थच मुळी ठोकणे, प्रहार करणे असा आहे. ऐरणीजवळ उभा राहून लोहाराचा पोर ठोकण्याचे क्रियापद चालवीत होता, या योगायोगाचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. पण हा प्रसंग येथेच संपत नाही. रूपांच्या नादात कधी कधी भट्टीतील लोखंडाची हानी होई आणि उमेदवारास खजील व्हावे लागे, हेही बरिट यांनी प्रांजळपणे लिहून ठेविले आहे.

ज्याने भट्टी सांभाळली आहे त्यास यातील मर्म वेगळे सांगावयास नको. लोखंड काळसर तांबडे होते, मग लाल, मग नारिंगी, मग पिवळे. आणि जोड लावण्याच्या वेळी ते पांढरेशुभ्र व्हावे लागते. त्या पांढऱ्या रंगापुढे क्षणभरही चुकले तर फुलबाज्यांसारख्या ठिणग्या उडू लागतात आणि लोखंड जळते. जळालेले लोखंड घणाखाली चिरफळते. त्यास पुन्हा जीव येत नाही. कोळसा वाया, धातू वाया, आणि उस्तादाचे बोलणे खावे लागते ते निराळेच. म्हणून भट्टीपुढे पुस्तक वाचणे हे दिसावयास सुंदर असले तरी धंद्याच्या दृष्टीने तो अपराध होता, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. बरिट यांनीही ते लपविले नाही. दोन कामे एका वेळी केली तर एकास चटका बसतो, हा धडा त्यांस भट्टीनेच दिला, आणि पुढील आयुष्यात त्यांनी श्रमाचे तास आणि अभ्यासाचे तास निरनिराळे ठेवण्याची जी काटेकोर शिस्त लावून घेतली, तिचे मूळ आम्हांस येथे दिसते.

उमेदवारी संपल्यावर त्यांनी काही काळ बंधूंच्या शाळेत शिक्षण घेतले. पुढे एका हिवाळ्यात ते न्यू हेवन या गावी जाऊन राहिले. तेथे येल हे प्रख्यात विद्यालय होते. परंतु त्यात नाव घालण्याइतका पैसा नव्हता, आणि तेथील पंडितांस शंका विचारण्याचा धीरही नव्हता. विद्यालयाच्या सान्निध्यात एका खाणावळीत खोली घेऊन ते एकटेच होमरच्या ग्रीक काव्याशी झुंजले. पहिल्या दिवशी जेमतेम पंधरा ओळी उलगडल्या. पण त्या कोणाच्या साह्यावाचून उलगडल्या, म्हणून त्यांचा आत्मविश्वास दुणावला. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन आणि हिब्रू या भाषांसही त्यांनी त्याच हिवाळ्यात हात घातला.

यानंतरची काही वर्षे मात्र त्यांस यश आले नाही. त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, ती प्रकृतीस मानवली नाही. एका कारखानदाराचा माल घेऊन गावोगाव हिंडले. शेवटी गावात किराणा मालाचे दुकान काढले, आणि १८३७ मध्ये अमेरिकेत जी मोठी आर्थिक मंदी आली तीत ते बुडाले. ऐरण सोडून केलेले तिन्ही धंदे फसले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी हाती काही नाही अशा स्थितीत त्यांनी ठरविले की, जहाजावर खलाशी म्हणून चढावे, युरोपात पोहोचावे आणि पूर्वेकडील भाषांचे ग्रंथ पैदा करावे. या वेड्या वाटणाऱ्या बेतासाठी ते शंभर मैलांहून अधिक अंतर चालून बॉस्टन बंदरास गेले. मनासारखे जहाज मिळाले नाही. पण तेथे त्यांस समजले की, वुस्टर गावी अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी या संस्थेचे मोठे ग्रंथालय असून त्यात दुर्मिळ भाषांची पुस्तके आहेत. ते पुन्हा चालू लागले, वुस्टरला पोहोचले, आणि पहिली गोष्ट केली ती ही की, गावातील एका लोहारशाळेत काम धरले.

वुस्टर येथील दिवस हे त्यांच्या आयुष्याचे हृदय होय. त्यांनी रोजनिशी ठेविली होती. १८३८ च्या जून महिन्यातील एका आठवड्याच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांचा गोषवारा आम्ही येथे देतो. सोमवारी डोके दुखत असता भूगर्भशास्त्राच्या एका ग्रंथाची ४० पाने, फ्रेंचची ६४ पाने, आणि लोहारकाम ११ तास. मंगळवारी हिब्रूच्या ६५ ओळी, फ्रेंचची ३० पाने, भूगर्भशास्त्राची १० पाने, सिरियाकच्या ८ ओळी, डॅनिश आणि बोहेमियन यांच्या प्रत्येकी १० ओळी, पोलिशच्या ९ ओळी, १५ ताऱ्यांची नावे, आणि लोहारकाम १० तास. बुधवारी हिब्रूच्या २५ ओळी, ज्योतिषाची ५० पाने, लोहारकाम ११ तास. गुरुवारी हिब्रूच्या ५५ ओळी, सिरियाकच्या ८ ओळी, लोहारकाम ११ तास. शुक्रवारी प्रकृती बरी नव्हती. तरी लोहारकाम १२ तास. शनिवारीही बरे नव्हते. पदार्थविज्ञानाची ५० पाने आणि लोहारकाम १० तास.

सहा दिवसांची बेरीज केली तर घण चालविण्याचे तास ६५ भरतात. वाचकांनी हा आकडा नीट पाहावा. या नोंदी वाचताना पंडितांचे लक्ष सिरियाक आणि बोहेमियन भाषांकडे जाते. आमचे लक्ष शुक्रवारकडे गेले. त्या दिवशी प्रकृती बिघडली म्हणून वाचन राहिले, पण घण राहिला नाही. कारण भाकर ऐरणीवर होती, पुस्तकात नव्हती. दुखण्याने अभ्यास बुडतो, मजुरी बुडवून चालत नाही, हे ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांस बरिट यांची ही कोरडी नोंद कोणत्याही वर्णनाहून अधिक बोलकी वाटेल. आणि आणखी एक गोष्ट. अभ्यासाच्या ओळी ज्या वहीत मोजल्या, त्याच वहीत, त्याच रांगेत त्यांनी लोहारकामाचे तास मोजले. एकास मान आणि दुसऱ्याची लाज, असा भेद त्या वहीत नाही.

याच काळात ग्रंथालयात सापडलेल्या व्याकरणावरून ते फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रेटन भाषा शिकले, आणि त्या भाषेत त्यांनी फ्रान्समधील पुराणवस्तुसंशोधक मंडळास पत्र लिहिले. एका अमेरिकन लोहाराचे ते पत्र पाहून तेथील विद्वान चकित झाले. पुढे भाषांतराचे काही काम मिळावे म्हणून बरिट यांनी वुस्टरमधील एका गृहस्थांस आपली हकीकत कळविली. ते पत्र मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट यांच्या हाती गेले, आणि त्यांनी १८३८ मध्ये शिक्षकांच्या एका मेळाव्यात ते जाहीरपणे सांगितले. एका दिवसात हा अनाम मजूर विद्वान लोहार या पदवीने देशभर गाजला. त्यांस पन्नास भाषा येतात असे लोक बोलू लागले. हा आकडा कौतुकाच्या भरात फुगलेला असावा, आणि कित्येक भाषांचे त्यांचे ज्ञान कोशाच्या साह्याने वाचण्यापुरतेच असावे, असे मानणे न्यायाचे होईल. या गवगव्याने बरिट सुखावले नाहीत. ते इतके शरमले की, नाव बदलून कोठे तरी अनोळखी गावी निघून जावे असे त्यांच्या मनात आले.

हार्वर्ड विद्यापीठात राहून शिकावे, खर्चाची व्यवस्था होईल, अशी सूचना त्यांस आली. त्या विद्यापीठात अध्यापक असलेले कवी लाँगफेलो यांनीही तसे पत्र लिहिले. बरिट यांनी आभार मानून नकार दिला. शरीरश्रमावाचून आपली प्रकृती राहणार नाही हे एक कारण. आणि ज्या कष्टकरी वर्गात आपण जन्मलो त्याच्याच रांगेत उभे राहून काही करून दाखवावे ही इच्छा, हे दुसरे. या नकाराविषयी आमच्या मनात दोन विचार येतात. अशी संधी आपल्या मुलास आली तर त्याने ती नाकारावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. ज्या समाजास शाळेचे दारच उशिरा उघडले, त्याने उघडे दार लोटू नये. तथापि नकाराचे दुसरे कारण मात्र आमच्या मनास लागून राहते. आपण शिकून वर चढतो आणि शिडी ओढून घेतो. बरिट यांस शिडीपेक्षा रांग प्रिय वाटली.

१८४१ पासून त्यांस व्याख्यानांची निमंत्रणे येऊ लागली. त्यांच्या पहिल्या व्याख्यानाचा विषय असा की, उपजत प्रतिभा म्हणून काही नसते. जे साधते ते चिकाटीने साधते. एका हंगामात त्यांनी सुमारे साठ वेळा हे व्याख्यान दिले, आणि हंगाम संपताच ते वुस्टरला परत येऊन ऐरणीशी उभे राहिले. पुढील व्याख्यानासाठी त्यांनी पृथ्वीच्या रचनेचा विषय घेतला. मनुष्याच्या शरीरात जसे अवयव परस्परांवाचून चालत नाहीत, तसे पृथ्वीचे भाग आहेत काय, हे पाहता पाहता त्यांच्या ध्यानी आले की, कोणत्याही एका देशास निसर्गाने सर्व काही दिलेले नाही. एकाजवळ धान्य, दुसऱ्याजवळ कापूस, तिसऱ्याजवळ लोखंड. मग राष्ट्रांनी परस्परांचे गळे कापणे म्हणजे उजव्या हाताने डावा हात तोडणे होय. येथून त्यांच्या आयुष्यास नवे वळण लागले आणि भाषांचा हा उपासक युद्धविरोधी प्रचारक झाला. १८४४ मध्ये त्यांनी वुस्टर येथे एक साप्ताहिक काढले. त्यात युद्ध आणि गुलामगिरी या दोहोंविरुद्ध लेखन होई.

१८४६ मध्ये ऑरेगॉन प्रांताच्या सरहद्दीवरून इंग्लंड आणि अमेरिका यांत युद्धाची भाषा सुरू झाली. तेव्हा दोन्ही देशांच्या नगरांनी एकमेकांस स्नेहाची पत्रे पाठवावी, अशी चळवळ झाली, आणि अमेरिकेच्या बाजूने बरिट यांनी ती पत्रे वर्तमानपत्रांतून देशभर पोहोचविली. त्याच वर्षी तह झाला. आमच्या मनात येथे एक विचार येतो, तो आमचाच म्हणून सांगतो. त्या काळी अमेरिकेतील पुष्कळ लोहारशाळांत इंग्लंडात घडलेल्या ऐरणी असत. देशी ऐरणींचा मोठा कारखाना १८४० नंतरच उभा राहिला. उद्या लढाई जुंपली असती, तर अमेरिकन लोहारास इंग्रज कारागिराने घडविलेल्या ऐरणीवर त्याच इंग्रजासाठी भाल्याची पाती आणि बंदुकीचे घोडे ठोकावे लागले असते. एकाच लोखंडाचा फाळही होतो आणि तलवारही होते. त्याचे काय करावयाचे हे राजे ठरवितात, पण ते घडते लोहाराच्या हातून. म्हणून युद्धास नाही म्हणणारा लोहार असावा यात आम्हांस एक औचित्य दिसते.

त्या वर्षी ते इंग्लंडला गेले, ते तीन महिने पायी फिरून यावे म्हणून; पण तेथील कामात गुंतून कित्येक वर्षे राहिले. विश्वबंधुत्व संघ या नावाची एक संस्था त्यांनी स्थापिली. युद्धात कोणत्याही प्रकारे भाग घेणार नाही, अशी प्रतिज्ञा तीत सह्या करणारास घ्यावी लागे, आणि दोन्ही देशांतील हजारो सामान्य माणसांनी ती घेतली. १८४७ मध्ये आयर्लंडात दुष्काळाने माणसे मरत असता ते स्किबरीन या गावी स्वतः गेले, झोपड्या-झोपड्यांतून हिंडले, आणि जे पाहिले ते लिहून अमेरिकेतून धान्य पाठविण्याविषयी लोकांस कळवळून विनविले. १८४८ मध्ये ब्रुसेल्स, १८४९ मध्ये पॅरिस, १८५० मध्ये फ्रँकफुर्ट आणि १८५१ मध्ये लंडन येथे शांतता परिषदा भरल्या; त्या भरविण्यात बरिट यांचे परिश्रम मोठे होते. पॅरिसच्या परिषदेचे अध्यक्ष विख्यात कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगो होते. राष्ट्रांतील तंटे लवादाने मिटावे, राष्ट्रांची एक सभा आणि एक न्यायालय असावे, सैन्ये कमी करावी, हे विचार तेथे मांडले गेले. विसाव्या शतकात जी आंतरराष्ट्रीय न्यायालये आणि राष्ट्रसंघ निघाले, त्यांचे बीज अशा सभांतून पेरले गेले होते.

आणखी एका लहानशा वाटणाऱ्या गोष्टीसाठी ते झगडले. समुद्रापलीकडे पत्र पाठविण्यास तेव्हा इंग्लंडहून अमेरिकेस एक शिलिंग पडे. पोटासाठी परदेशी गेलेल्या मजुरास आईचे पत्र महाग व्हावे, हा त्यांस अन्याय वाटे. समुद्रप्रवासापुरता आकार एक पेनी असावा, अशी चळवळ त्यांनी वर्षानुवर्षे चालविली. हे दर पुढील काळात हळूहळू उतरले.

यशाबरोबर अपयशही सांगितले पाहिजे. १८५३ मध्ये क्रिमियाचे युद्ध पेटले आणि शांततेची चळवळ विस्कटली. मायदेशी परतल्यावर गुलामगिरी रक्तपातावाचून संपावी म्हणून त्यांनी असा उपाय सुचविला की, सरकारी जमिनींच्या विक्रीतून मालकांस भरपाई देऊन गुलामांस मुक्त करावे. १८५७ मध्ये क्लीव्हलंड येथे यासाठी परिषदही भरली. माणसास गुलाम करणारासच पैसे का द्यावे, असा आक्षेप गुलामगिरीच्या कडव्या विरोधकांनी घेतला, आणि तो आक्षेप निराधार नव्हता असे आमचे मत आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने तो वाद तोडून टाकला. बरिट यांस जे टाळावयाचे होते तेच घडले. मात्र गुलामगिरी नष्ट झाली.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यांस इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे अमेरिकेचे वाणिज्य प्रतिनिधी नेमले. जगात लोहारांची राजधानी म्हणून कोणती म्हणावी, तर तो प्रदेश. बर्मिंगहॅमच्या शेजारच्या गावांतून साखळ्या, खिळे, कुलपे होत. डडली येथील पीटर राइट यांच्या ऐरणी समुद्रापार जात. खिळे करणारी कुटुंबे घराच्या मागील लहान भट्टीवर राबत, आणि त्यांत स्त्रिया व मुलेही असत. बरिट यांनी हा प्रदेश पायी पाहिला, आणि १८६८ मध्ये त्यावर एक ग्रंथ लिहिला. धुराने काळवंडलेल्या त्या मुलखाविषयी पुष्कळांनी नाक मुरडून लिहिले आहे. ज्याने स्वतः घण चालविला होता त्याने तेथील कारागिरीकडे आदराने पाहिले. १८६९ मध्ये ती जागा सुटली आणि ते लवकरच मायदेशी परतले.

शेवटची वर्षे त्यांनी न्यू ब्रिटन येथेच, जेथे भाता ओढला त्याच गावात, काढली. त्यांनी विवाह केला नव्हता. या म्हातारपणी त्यांच्या व्यासंगाने जे शेवटचे वळण घेतले ते आपणांस विशेष जवळचे वाटेल. ते संस्कृताकडे वळले, आणि १८७६ मध्ये त्यांनी घरबसल्या संस्कृत शिकू इच्छिणारांसाठी एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी आपल्या देशात किती लोहारांच्या मुलांस संस्कृताच्या वर्गात बसावयास मिळत होते, हा प्रश्न आम्ही येथे केवळ विचारून ठेवतो. मार्च १८७९ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, एलिहू बरिट यांचे देहावसान झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. बरिट यांनी विद्या आणि ऐरण यांस एकत्र नांदविले काय. काही वर्षे नांदविले, आणि पुढे लोककार्याने ऐरण सुटली, हे खरे उत्तर आहे. त्यांस उगाच ऐरणीचा आजन्म सेवक ठरविण्याचे कारण नाही. परंतु ऐरण सुटली तरी तिची ओळख सुटली नाही. देशोदेशीच्या सभांतून ते लोहार म्हणूनच उभे राहिले, आणि आपल्या लेखसंग्रहास ऐरणीवरील ठिणग्या अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या हाताने दिले.

आपल्या मुलांनी डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक व्हावे, मुलींनीही व्हावे. ज्यास भट्टीच चालवावयाची आहे त्याने वेल्डिंग, धातुशास्त्र आणि हिशेब शिकून ती आजच्या रीतीने चालवावी. कोणी कोणत्या धंद्यात जावे हे सांगण्याचा अधिकार जन्मास नाही, तसा आम्हांसही नाही. आमची सूचना फार लहान आहे. वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो तेव्हा आपण त्यांची टक्केवारी वाचून दाखवितो. त्याबरोबर त्यांस एवढेही विचारावे की, वडिलांच्या किंवा आजोबांच्या हाताखाली त्यांनी कोणते काम केले, लोखंडाचा कोणता रंग त्यांस ओळखता येतो. ज्यास सांगता येईल त्याचे नाव टक्केवारीच्या त्याच यादीत, त्याच ओळीत लिहावे. आणि अर्जात वडिलांच्या धंद्याची जागा आली म्हणजे तेथे लोहारकाम हा शब्द स्वच्छ अक्षरांत लिहावा.